गुणांचा पूल तेवढाच राहतो, मग वाढतं काय? गुरुत्वाकर्षणातल्या अक्षय्य राशी आणि आमच्या गावची सामाईक वही

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. दोन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी गेले काही महिने माझ्या डोक्यात एकत्र घोळत आहेत. इथे भौतिकशास्त्रवाले आहेत, संगणकवाले आहेत आणि समुद्रावरचेही आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव देवगड आणि विजयदुर्गच्या मधे, खाडीच्या तोंडाशी. दोन वर्षांपूर्वी आम्ही पंचवीसेक जणांनी एक सामाईक वही सुरू केली. ती फोनवर चालते. तिला संपादक नाही आणि प्रत्येकाकडे तिची पूर्ण प्रत असते. कुणीही नोंद लिहावी: वाऱ्यांची नावं, विहिरींचं पाणी, रानभाज्या, जुन्या होड्यांची बांधणी. चांगल्या नोंदी वर याव्यात म्हणून मतं ठेवली. मत देताना माणसाने जरा विचार करावा म्हणून दर महिन्याला हजार गुणांचा पूल, म्हणजे सामाईक साठा, केला आणि तो मतांच्या प्रमाणात वाटायचं ठरलं. ज्याला जितके गुण, तितक्या किमतीची त्याच्या पसंतीची पुस्तकं गावच्या वाचनालयात. वर्गणी मुंबईतल्या चाकरमान्यांनी दिली.

पहिले तीन महिने फार छान गेले. रात्री जेवणं झाली की लोक नोंदी वाचत बसायचे. चौथ्या महिन्यापासून मतं आधी पडायला लागली आणि वाचन नंतर, किंवा नाहीच. दोन घरं एकमेकांना मतं द्यायची. काही जण स्वतःलाच द्यायचे. नियमात ते बसत होतं, त्यामुळे कुणाला दोष देता येईना.

मला दोन नोंदी बोचतात. एकीत लिहिलं होतं, 'हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.' तिला सगळ्यात जास्त मतं. त्याखाली कुणीतरी पुराव्यानिशी दुरुस्ती लिहिली, तिला दोन मतं. दुसरी नोंद एका होडीवाल्या काकांची: खाडीच्या तोंडाची वाळू कुठे सरकली आहे आणि ओहोटीला कुठलं खडप (पाण्यातला खडक) किती हात पाण्याखाली राहतं. ती त्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यात लिहिली. ३१ मेला महिन्याचा हिशेब बंद झाला तेव्हा तिला तीन मतं होती. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरल्या तेव्हा प्रत्येकाला नेमकी तीच नोंद हवी होती, आणि तोवर ती कुठल्या कुठे खाली गेली होती.

मी बारावीला गणित शिकवतो. सध्या हौसेने व्यापक सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, वाचतोय. तिथे असं वाचलं की गुरुत्वीय क्षेत्राची ऊर्जा 'या ठिकाणी इतकी' अशी सांगताच येत नाही, पण सगळ्या व्यवस्थेचं एकूण वस्तुमान खूप लांबून नेमकं सांगता येतं. वाचता वाचता वही आठवली. आमच्या पुलात महिन्याला काय कायम राहतं ते मला माहीत आहे, हजार गुण. पण आम्हाला जे जपायचं होतं ते हे नव्हतं. मग नियम बनवताना कुठली राशी कायम राहणार आणि कुठली गळून जाणार, हे आधी ओळखायची काही पद्धत आहे का?

सुरंगी

विषय आवडला. पण अक्षय्य राशी म्हणजे नक्की काय हे कुणीतरी आमच्यासारख्यांना समजेल असं सांगा. शाळेत 'ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही' एवढंच पाठ केलं होतं. आणि ती हेलियमची दुरुस्ती माझी आहे, त्यावर नंतर लिहिते.

दूरनळी

निवृत्त प्राध्यापक आहे, रत्नागिरीत असतो. सुरंगीताईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या दाराशी दिवसातून दोनदा येतं.

चंद्रामुळे समुद्राला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती चंद्राच्या प्रदक्षिणेपेक्षा कितीतरी वेगाने फिरते, त्यामुळे तो फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. पुढे गेलेला फुगवटा चंद्राला पुढे खेचतो, आणि चंद्र फुगवट्याला, पर्यायाने पृथ्वीला, मागे खेचतो. परिणाम असा की पृथ्वीची गिरकी मंदावते आणि चंद्र लांब जातो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. त्यांवर लेसर मारून मोजलेलं उत्तर आहे वर्षाला सुमारे ३.८ सेंटीमीटर. आपला दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. हे थेंबाथेंबाने साचतं. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या बारीक वाढरेषा मोजून जॉन वेल्स यांनी १९६३ साली दाखवलं की तेव्हा वर्षात चारशेच्या आसपास दिवस होते.

आता हिशेब बघा. पृथ्वीने गमावलेला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्यातला जोर, चंद्राच्या कक्षेत जमा झाला. बेरीज तीच. अशी बेरीज न बदलणारी राशी म्हणजे अक्षय्य राशी. पण फिरण्याची ऊर्जा? ती सगळी चंद्राकडे गेली नाही. बराचसा भाग उथळ समुद्रात, खाड्यांच्या तळाशी घासून उष्णता झाला आणि परत येणार नाही. एकाच घटनेत एक राशी पै-पैशाने जुळते आणि दुसरी आपल्या हातून निसटते. खाडीकाठ, तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग मला इथेच दिसतो.

कुठली राशी जुळणार हे कसं ओळखायचं? ते १९१८ साली गणितज्ञ एमी नोएथर यांनी सांगितलं. व्यवस्थेत काय बदललं तरी नियम बदलत नाहीत ते शोधा. अशा प्रत्येक सममितीमागे एक अक्षय्य राशी असते. प्रयोग आज केला काय नि उद्या केला काय, नियम तेच असतील तर ऊर्जा कायम. इथे केला काय नि चार कोस पलीकडे, तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग) कायम. दिशा फिरवूनही तेच, तर कोनीय संवेग कायम.

त्यांनी हे काम केलं तेच मुळी गुरुत्वाकर्षणाच्या अडचणीतून. आइन्स्टाइनचा सिद्धांत १९१५ साली आला आणि जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनमध्ये गणितज्ञ हिल्बर्ट आणि क्लाइन यांना ऊर्जेचा नियम त्यात नीट बसेना. नोएथर यांनी दाखवलं की दोष कुणाच्या आकडेमोडीत नाही. प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे बदलता येणारी सममिती असली की तिच्यातून खरा अक्षय्यता नियम मिळत नाही, समीकरणांमधली आपापसातली नाती तेवढी मिळतात. भौतिक अर्थ सोपा आहे. मोकळ्या पडणाऱ्या माणसाला आपल्याजवळ गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही. जी गोष्ट नुसती दृष्टी बदलून एका ठिकाणी शून्य करता येते, तिची त्या ठिकाणची ऊर्जा कशी सांगणार?

मग उपाय काय? लांब जायचं. आर्नोविट, डेझर आणि मिसनर यांनी १९६० च्या आसपास दाखवलं की व्यवस्थेपासून इतकं दूर गेलं की अवकाशकाळ जवळजवळ सपाट होतो, तिथून एकूण वस्तुमान काढता येतं. त्याला एडीएम वस्तुमान म्हणतात. बाँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दुसरी बाजू मांडली: लहरींवाटे बाहेर गेलेलं वजा करून मागे किती उरलं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या गुरुत्वीय लहरींत सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली आणि सुमारे ६२ पटींचं एक उरलं. तीन सूर्यांइतकं लहरींत गेलं. बाँडींच्या हिशेबात ते कमी झालं, एडीएमच्या हिशेबात लहरीही धरल्या म्हणून बेरीज तीच. दोन्ही बरोबर आहेत. कुठे उभं राहून मोजलं ते सांगायला हवं.

पाऊणपट

माका ह्या गणित येणा नाय, पण भरतीचा सांगतंय. आमचे म्हातारे सांगत, तिथीक पाऊणपट कर, भरतीची वेळ गावता. पंचमीक पावणेचार, अष्टमीक सहा, एकादशीक सव्वाआठ. घड्याळ नव्हता तेव्हापासून चलता.

बाकीचं सगळ्यांना समजावं म्हणून असं लिहितो. तुमची वही मी रोज बघतो, कारण ती खडपाची नोंद माझीच. मला गुण मिळाले नाहीत याचं काही नाही. पुस्तकं माझा नातू निवडतो. माझी अडचण वेगळी होती. नारळी पौर्णिमेनंतर तीन पोरांनी मला फोन केला, 'काका, ती नोंद मिळत नाही.' मी स्वतः शोधली तर मलाही लवकर मिळाली नाही. गुण कमी म्हणून नोंद खाली, हे माझ्या डोक्यात बसत नाही. खडप काय मतांवर वर-खाली होतं?

रापणीचं सांगतो, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं. दोर ओढायला जो येतो त्याला वाटा. जाळं ज्याचं, त्याला जाळ्याचा वाटा वेगळा. मासळी किनाऱ्यावर आली की ती तेवढीच, भांडून वाढत नाही. पण मासळी कुठे आली हे बघायला जो पाण्याकडे नजर लावून बसतो, त्याच्या नजरेवर सगळं. त्याला वाटा कमी मिळाला तरी चालेल, पण त्याने हाक दिली की ती ऐकली पाहिजे. त्याची हाक आणि त्याचा वाटा या दोन गोष्टी आहेत.

खाडीकाठ

काका, नोंद तुमची हे मला माहीत होतं, पण तुम्ही इथे आहात हे ठाऊक नव्हतं. 'हाक आणि वाटा' हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिणार आहे.

दूरनळी सर, तुमच्या 'काय बदललं तरी काय बदलत नाही' या प्रश्नाने मी कालची रात्र काढली. मतांना लावून बघितलं. समजा मताचं वजन माणसाकडे असलेल्या गुणांवर ठरतं. एका माणसाने आपले गुण दोन खात्यांत वाटले, किंवा दोघांनी एकत्र केले, तरी निकाल बदलू नये अशी अट घातली. म्हणजे वेगळं वेगळं मिळून जे मिळतं तेच एकत्र मिळायला हवं. गणितात ही कॉशीची अट. विचित्र फलनं सोडली तर तिला एकच उत्तर आहे: सरळ प्रमाण. दुप्पट गुण, दुप्पट वजन.

वर्ग घेतला तर काय होतं? दोघांनी एक-एक गुणाचं मत वेगवेगळ्या नोंदींवर दिलं तर एक अधिक एक, दोन. दोघांनी एकाच नोंदीवर दिलं तर दोनाचा वर्ग, चार. टोळी करण्यात फायदा. वर्गमूळ घेतलं तर उलट. शंभर गुणांच्या एका खात्याला दहा, तेच शंभर खात्यांत एकेक वाटले तर शंभर. खोटी खाती काढण्यात फायदा. सरळ प्रमाणात दोन्ही आमिषं संपतात.

पण मग दुसरं दिसलं आणि मन खट्टू झालं. सरळ प्रमाणात ज्याच्याकडे शंभरात एक भाग गुण आहेत, त्याने सगळी मतं स्वतःला दिली तर त्याला पुलाचा शंभरावा भाग मिळतो. नोंदीत काय लिहिलंय याचा संबंधच उरत नाही. सगळ्यांनी तसं केलं तर ज्याचं त्याला परत मिळतं. पूल अगदी नीट वाटला जातो, बेरीज हजारला हजार, आणि त्या महिन्यात कुणी काय वाचलं याची खूण शून्य.

चिरेबंदी

मूळचा गुहागरचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. खाडीकाठ, तुम्ही रात्रीत जे काढलंत त्यातून एक आख्खं व्यासपीठ चार वर्षांत गेलंय, म्हणून तो इतिहास मांडतो.

स्टीम नावाची ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली हिशेबाची साखळी, २०१६ साली सुरू झाली. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर हे तिचे संस्थापक. लेखाला मत द्या, पुलातून टोकन (तिथलं डिजिटल नाणं) लेखकाला, आणि चांगला लेख हेरला म्हणून मत देणाऱ्यालाही. बराच काळ वाटणी लेखकाला ७५ टक्के, मतदारांना २५. सुरुवातीला वजन वर्गाच्या नियमाने. ज्याच्याकडे दहापट टोकन, त्याच्या मताला शंभरपट वजन. मोजक्या बड्या खात्यांनी पूल हलवला. जून २०१७ मध्ये सरळ प्रमाण आणलं. मग तुम्ही लिहिलंत तेच झालं. स्वतःला मत आणि मतं विकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम. अमुक टोकन पाठवा, बॉट तुमच्या लेखाला मत देणार. लेख वाचायला त्या साखळीत माणूसच नको.

ऑगस्ट २०१९ मध्ये तीन गोष्टी एकदम बदलल्या. वाटणी ५० आणि ५० केली. वजनाची रेषा लहान रकमेला थोडी वाकवली, मोठ्या रकमेला सरळ ठेवली. आणि विरोधी मतांना वेगळा, फुकटचा कोटा दिला. पहिली गोष्ट का केली ते आकड्यांत बघा. स्वतःला मत दिलं तर शंभरपैकी शंभर आपल्याकडे. दुसऱ्याला दिलं तर आधी पंचवीस, नंतर पन्नास. म्हणजे प्रामाणिक वाचकाचा तोटा चौपटीवरून दुपटीवर आला. संपला नाही. तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आधी विरोधी मत द्यायला आपल्याच मतशक्तीतून खर्च करावा लागायचा. पूर्ण ताकदीच्या मताला शक्तीचे दोन टक्के जायचे आणि दिवसाला वीस टक्के भरून यायचे, म्हणजे दिवसाला दहा मतं. चूक दाखवणारा आपल्या खिशातून दाखवत होता आणि त्याचा फायदा उरलेल्या सगळ्यांना. असं कोण किती दिवस करणार?

मार्च २०२० मध्ये मालकीच्या वादातून तिथल्या बऱ्याच लोकांनी साखळी फोडून हाइव्ह नावाने वेगळी चूल मांडली. तो वेगळा विषय आहे.

पण हे सगळं बदलताना दोन गोष्टींना हात लागला नाही. हिशेब सात दिवसांत बंद होणं, आणि एकाच मतावर पैसे आणि क्रम दोन्ही ठरणं. काकांनी 'हाक आणि वाटा' म्हणून जे सांगितलं ते तिथे कधी वेगळं झालंच नाही. कोकणातल्या माणसाला जे रापणीवर दिसतं, ते आम्हाला इतकी वर्षं कोड लिहून दिसलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हापूसवाला

मी बागायतदार. चिरेबंदीभाऊ, सात दिवसांचं मला पटत नाही. बाजारात पेटी उघडली की भाव तेव्हाच ठरतो. 'वर्षभराने सांगतो आंबा कसा होता' असं कुणी म्हणालं तर पुढच्या हंगामाची फवारणी कशातून करायची? लिहिणाऱ्यालाही लवकर काहीतरी मिळायला हवं, नाहीतर तो लिहायचं सोडेल.

दूरनळी

हापूसवाले यांचा मुद्दा खरा आहे, तो विसरू नका.

मला एक सावधगिरी सांगायची आहे. मतांच्या खेळाला नोएथर यांचा सिद्धांत लागू होत नाही. तो भौतिकशास्त्रातल्या 'क्रिया' (action) नावाच्या राशीच्या तत्त्वातून निघणाऱ्या समीकरणांसाठी आहे, माणसांच्या हेतूंसाठी नाही. पूल हजाराचा राहतो तो कुठल्या सममितीमुळे नाही, तुम्ही तसा नियम लिहिलात म्हणून. हा फरक पुसला तर विज्ञानाचं नाव घेऊन काहीही सिद्ध करता येईल, आणि ते मला सहन होत नाही. मात्र खात्यांच्या विभाजनाचं तुम्ही जे काढलंत ते उपमा नाही. एक बदल घेतला, त्याखाली उत्तर स्थिर राहावं अशी अट घातली आणि त्या अटीने नियमाचं रूपच ठरवलं. विचार करायची पद्धत तीच आहे आणि इथे ती पूर्णपणे वैध आहे.

लांबून मोजण्याचं म्हणाल तर एक उदाहरण देतो. प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी बनारसला, कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे काम करताना, १९४३ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांची एक उकल प्रसिद्ध केली: प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण. तिच्यात वस्तुमान ही स्थिर संख्या नाही, प्रकाशाबरोबर घटत जाणारी आहे. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. साठच्या दशकात क्वेसार, म्हणजे फार दूरचे अतितेजस्वी स्रोत, सापडले, ऊर्जा ओतणाऱ्या घन वस्तूंचा विचार सुरू झाला आणि मग वैद्य यांची उकल सगळीकडे लागायला लागली. आज ती पाठ्यपुस्तकांत आहे. सात दिवसांत हिशेब बंद करणाऱ्या कुठल्या पुलाने तिला काय दिलं असतं? नोएथर यांचंही तेच. १९१८ चा तो निबंध ग्यॉटिंगेनच्या विज्ञानसभेपुढे क्लाइन यांनी मांडला, कारण त्या स्वतः सभासद नव्हत्या.

आणि पाऊणपट, तुमच्या नियमाबद्दल. तीस तिथींत भरती चोवीस तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. तुमचे म्हातारे ४५ धरत. पंधरा तिथींत पाऊण तासाचा फरक पडतो, पण अमावास्या-पौर्णिमेला हिशेब नव्याने सुरू होतो म्हणून चूक पुढे साचत जात नाही. तोंडी करता येणारा इतका सोपा नियम शोधून दाखवा म्हटलं तर मला जमणार नाही.

सुरंगी

आता हेलियमबद्दल. मला हे मनापासून लिहायचं आहे, कारण गावात 'तू किल्ल्याचं नाव कमी करतेस' असं मला ऐकावं लागलं.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतावरून गेलं. विजयदुर्ग खग्रास पट्ट्यात होतं. किल्ल्यावर लोक 'साहेबाचे ओटे' दाखवतात, आणि तो साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर असं सांगतात. पण लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हते. या शोधाशी नाव जोडलेले दुसरे, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन, गुंटूरला होते. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला आणि सोडियमच्या जोडरेषांजवळची पण त्यांच्याशी न जुळणारी पिवळी रेषा नोंदली. तीच हेलियमची रेषा. ते ग्रहणासाठी भारतात आले १८७१ साली, तेही केरळात बेकलला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ साली, रॅमझे यांच्या प्रयोगात.

माझी दुरुस्ती चुकीची असं एकालाही म्हणायचं नव्हतं. मी घरोघरी विचारलं. 'तुझं बरोबर असेल, पण पहिलीलाच मतं पडणार हे माहीत होतं, मग आपलं मत वाया कशाला घालवायचं?' हे उत्तर मला पाच-सहा जणांनी दिलं. त्यांना कुठली नोंद खरी वाटते हे आपण विचारलंच नव्हतं. कुठली जिंकेल हे विचारत होतो.

नंतर मी आणि पहिली नोंद लिहिणारे गुरुजी, दोघांनी बसून तिसरी लिहिली. तिची सुरुवात किल्ल्यावरून त्या दिवशी भरदिवसा काळोख झाला असेल तिथून होते आणि मग पिवळ्या रेषेचा सगळा प्रवास येतो. गुरुजींच्या बाजूचेही मानतात आणि मीही मानते अशी ती एकच नोंद आहे. तिला मतं मध्यम आहेत, पण दोन्हीकडची आहेत.

चिरेबंदी

सुरंगीताई, तुम्ही नकळत एक चांगली पद्धत वापरलीत. काही ठिकाणी आता मतांची नुसती बेरीज करत नाहीत. एरवी ज्यांचं एकमेकांशी जुळत नाही अशांची मतं एका टिपेवर जुळली, तरच ती वर येते. ट्विटरवर २०२१ साली बर्डवॉच नावाने सुरू झालेल्या आणि आता कम्युनिटी नोट्स म्हणतात त्या, दिशाभूल करणाऱ्या मजकुराखाली वाचकांनीच लिहायच्या टिपांचं गणित असंच आहे. टोळी कितीही मोठी असली तरी तिला एकटीला टीप वर आणता येत नाही. पंचवीस माणसांत हे तुम्हाला कागदावरही करता येईल.

खाडीकाठ

काल संध्याकाळी वाचनालयात आम्ही सतरा जण बसलो. इथलं सगळं वाचून दाखवलं. जे ठरलं ते सांगतो, त्यात काही चुकत असेल तर अजून वेळ आहे.

क्रम आणि गुण वेगळे केले. गुणांचा क्रमाशी संबंध नाही. क्रम ठरणार तो दोन प्रश्नांवर: 'हे मी तपासलं' आणि 'हे मला कामाला आलं.' दुसऱ्यासोबत तारीख पडते. म्हणजे जी नोंद दर ऑगस्टमध्ये कामाला येते ती पुढच्या ऑगस्टमध्ये आपोआप वर येईल. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला वाटतं तो सत्कारणी लागला.

गुणांचे दोन भाग. हापूसवाल्यांचं ऐकून चारशे महिन्याच्या शेवटी. उरलेले सहाशे पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तोवर कामाला आल्याच्या तारखा बघून. एका हंगामाचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय मोठा वाटा नाही. स्वतःच्या नोंदीवर 'तपासलं' म्हणता येणार नाही. यातून जोड्या लावणारे थांबणार नाहीत हे आम्हाला दिसतंय, पण ज्या नोंदीवर 'तपासलं' फक्त एकाच वाडीतून आलंय तिच्यावर तसं लिहून येईल.

दुरुस्तीला पुलातला वाटा नाही, तिच्यासाठी शंभर गुण वेगळे काढले. चाकरमान्यांना फोन केला, ते लगेच हो म्हणाले. चूक दाखवायला दुसऱ्याच्या ताटातलं काढावं लागणार नाही.

एका गोष्टीवर मात्र एकमत झालं नाही. जुन्या नोंदींना हा नियम मागे जाऊन लावायचा का? मी म्हटलं लावावा. दोन-तीन जणांचं म्हणणं, तेव्हा जो नियम सांगितला होता त्यावर भरवसा ठेवून लोकांनी मतं दिली, आता मागचा हिशेब उकरला तर पुढच्या नियमावर कोण विश्वास ठेवील? त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. जुने गुण तसेच राहतील. फक्त क्रम नव्याने लागेल.

दूरनळी

मागचा हिशेब न उकरण्याचा निर्णय योग्य आहे. नियम आज एक आणि उद्या एक असेल तर काही कायम राहण्याची अपेक्षाच करता येत नाही.

पाऊणपट

यंदाची नोंद लिवलंय. हयसर पण देतंय, कोणाक तपासुक होयी म्हणान.

तोंडाशी वाळू गेल्या वर्षीपेक्षा दक्षिणेक सरकली. उत्तरेच्या बाजून आता पाणी जास्त. मधला खडप भांगाच्या, म्हंजे अष्टमीच्या आसपासच्या, ओहोटीक दोन हात पाण्याखाली रवता, उधाणाच्या ओहोटीक टकला दिसता. धाकटा खडप दिसणा नाय, पण त्याच्यावर पाणी फुटता ता बघून वळाचा. मी ह्या अष्टमीक आणि पौर्णिमेक बघितलंय. येत्या अमावास्येक ओहोटीच्या वेळेक कोण येतलो तर माझी होडी आसा. दोरी आणि शिसा घेऊन येवा, माझे हात आणि तुमचे हात सारखे नसतले.